खरी गोष्ट लिहिताना: दीर्घ रिपोर्ताजवरच्या संवादांचा आढावा

कादंबरीकार कसा लिहितो याचं कुतूहल जुनं आहे. ‘द पॅरिस रिव्ह्यू’ने १९५३ साली पहिल्याच अंकात ई. एम. फॉर्स्टर यांची मुलाखत छापली आणि कथा-कादंबरीकारांना, कवींना त्यांच्या लेखनाबद्दल सविस्तर विचारण्याची एक शिस्तच घालून दिली. घडलेल्या घटनांवर, खऱ्या माणसांवर दीर्घ लेखन करणाऱ्यांसाठी त्याच नियतकालिकाने स्वतंत्र मालिका सुरू केली ती मात्र २००६ मध्ये, जोन डिडियन यांच्यापासून. मधल्या पन्नासेक वर्षांत या लेखनाने युद्धं, तुरुंग, झोपडपट्ट्या, दुष्काळ वाचकांच्या घरात आणून ठेवले होते. ते कसं लिहिलं जातं, हे लेखकांना बसून विचारणारे थोडेच होते.

ही उणीव गेल्या वीस वर्षांत बरीच भरून निघाली. २००५ मध्ये रॉबर्ट बॉइंटन यांनी ‘द न्यू न्यू जर्नालिझम’ या पुस्तकात १९ अमेरिकी लेखकांच्या मुलाखती एकत्र केल्या. विषय कसा सुचतो, माणसांपर्यंत कसं पोचता, वही वापरता की रेकॉर्डर, पहिलं वाक्य केव्हा लिहिता, असे अगदी कामाचे प्रश्न त्यात आहेत. २०१२ मध्ये ऍरन लॅमर, मॅक्स लिन्स्की आणि इव्हान रॅटलिफ या तिघांनी ‘लाँगफॉर्म’ हा पॉडकास्ट सुरू केला आणि २०२४ मध्ये थांबवेपर्यंत लेखक-संपादकांशी पाचशेहून अधिक संवाद ध्वनिमुद्रित केले. ललितेतर लेखनाच्या कारागिरीबद्दल इतका मोठा ऐवज याआधी कधी एकत्र झाला नव्हता. मराठीत अशी सामग्री आहे, पण विखुरलेली: पुस्तकांच्या प्रस्तावनांत, दिवाळी अंकांतल्या मुलाखतींत, लेखकांच्या आत्मपर लेखांत. या सगळ्यातून काय हाती लागतं, कुठे एकमत झालं आहे आणि कुठे अजून वाद आहे, ते क्रमाने पाहू.

पार्श्वभूमी

या लेखनाचा इतिहास सांगताना बहुतेक जण जॉन हर्सी यांच्या ‘हिरोशिमा’पासून सुरुवात करतात आणि ते योग्यच आहे. अणुबाँबमधून वाचलेल्या सहा जणांची ही हकिगत ‘द न्यू यॉर्कर’ने ३१ ऑगस्ट १९४६च्या अंकात छापली. मूळ बेत ती चार भागांत छापण्याचा होता. विल्यम शॉन या संपादकाने ती एकाच अंकात यावी आणि त्या अंकात दुसरा मजकूर नसावा असं सुचवलं, आणि मुख्य संपादक हॅरल्ड रॉस यांना ते पटवून दिलं. त्या मजकुराचा जो परिणाम झाला त्यात हर्सींच्या संयमी भाषेचा वाटा आहे, तसा या संपादकीय निर्णयाचाही आहे. एक धर्मोपदेशक, एक शिंपीण, दोन डॉक्टर अशा माणसांचा माग वाचक सलग काढत राहतो, त्याला मध्ये सुटका नसते.

पुढचा टप्पा १९६०च्या दशकातला. कॅन्ससमधल्या होल्कम गावात १९५९ मध्ये झालेल्या क्लटर कुटुंबाच्या हत्याकांडावर ट्रुमन कपोटी यांनी ‘इन कोल्ड ब्लड’ लिहिलं. ते १९६५ मध्ये ‘न्यू यॉर्कर’मधून चार भागांत आलं आणि लगेच पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने. कपोटींनी त्याला कादंबरीच्या तंत्राने लिहिलेलं सत्यकथन म्हटलं, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा असल्याचा दावा केला. १९६६च्याच एप्रिलमध्ये ‘एस्क्वायर’मध्ये गे टलीझ यांचा फ्रँक सिनात्रावरचा लेख आला. सिनात्राने मुलाखत नाकारली होती; टलीझ यांनी त्याच्या भोवतीची माणसं, त्याची सर्दी, त्याचा रुसवा यांतून त्याचं चित्र काढलं. १९७३ मध्ये टॉम वुल्फ यांनी या प्रवाहाचं एक संकलन काढून त्याची चार साधनं सांगितली: प्रसंगामागून प्रसंग रचणं, संवाद पूर्ण देणं, एखाद्या पात्राच्या नजरेतून घटना दाखवणं, आणि माणसाचं समाजातलं स्थान उघड करणारे बारीक तपशील टिपणं. आज लेखनशाळांत जे शिकवलं जातं त्याचा बराचसा पाया इथे आहे.

मराठीतला प्रवाह याच सुमारास वाहू लागला, आणि तो अमेरिकेकडे पाहून नव्हे. श्री. ग. माजगावकर यांनी १९६१ मध्ये पुण्यातून ‘माणूस’ साप्ताहिक सुरू केलं आणि तरुण लेखकांना दूरच्या, अवघड विषयांवर विस्ताराने लिहायला जागा दिली. अरुण साधू यांचं चीन आणि क्यूबाच्या क्रांतीवरचं लेखन याच वातावरणातलं. अनिल अवचट यांचं बिहारमधल्या दारिद्र्यावरचं ‘पूर्णिया’ हे पहिलं पुस्तक १९६९ मध्ये आलं. त्यांनी पुढे हमाल, निपाणीच्या तंबाखू कामगार बायका, अंगारे-धुपारे करणारे बुवा, विणकर आणि व्यसनी मुलं यांच्यावर लिहिलं. त्यात प्रेरणा सामाजिक चळवळींची होती. समाजवादी युवक, सेवादल, शोधयात्रा यांची होती. त्यामुळे मराठी रिपोर्ताजमध्ये कथनतंत्राची चर्चा कमी आणि ‘या प्रश्नाचं पुढे काय झालं’ याची जास्त झाली. ‘गर्द’ हे ब्राऊन शुगरवरचं लेखन आणि १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र यांचं नातं तर सरळच आहे. लेखनातून संस्था उभी राहणं हा या परंपरेचा मोठेपणा आहे. त्या मोठेपणामागे लेखनाच्या रीतीची चर्चा झाकली गेली, हेही नोंदवायला हवं.

कामाच्या रीतीबद्दल

मुलाखतींचा सगळ्यात मोठा भाग कामाच्या रीतीबद्दल आहे, आणि आश्चर्य म्हणजे इथेच सगळ्यात कमी वाद आहे. प्रतिभेबद्दल फार कोणी बोलत नाही. बोलतात ते थांबण्याबद्दल. एड्रियन निकोल लब्लांक यांनी ब्राँक्समधल्या एका कुटुंबावरच्या ‘रँडम फॅमिली’साठी दहा वर्षांहून अधिक काळ घालवला. रॉबर्ट कॅरो लिंडन जॉन्सनचं चरित्र लिहिताना टेक्ससच्या त्या कोरड्या टेकड्यांच्या मुलखात तीन वर्षं राहायला गेले, कारण न्यू यॉर्कहून येऊन-जाऊन विचारणाऱ्याला तिथली माणसं मनातलं सांगत नव्हती. टेड कोनोव्हर यांना तुरुंगाबद्दल लिहायचं होतं. आत जायची परवानगी मिळेना, तेव्हा त्यांनी सिंग सिंग तुरुंगात रखवालदाराची नोकरी धरली.

दुसरा विषय रचनेचा. जॉन मॅकफी यांनी याबद्दल सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत उपयोगी सांगितलं आहे. १९६६च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या पाइन बॅरन्स या जंगलावरची ढीगभर टिपणं गोळा करून ते घरामागच्या बाकावर दोन आठवडे झाडांकडे बघत पडून होते, कारण सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं. मग लक्षात आलं की जंगलातल्या एका म्हाताऱ्याच्या दारात लेख सुरू केला तर बाकी सगळे विषय त्याच्या बोलण्यातून आपोआप निघतील. मॅकफी रचनेची आकृती कागदावर काढून ठेवतात, कॅरो पुस्तकाचा आराखडा भिंतीवर टाचतात, लॉरेन्स राइट कार्डांच्या पेट्या बाळगतात. पद्धत वेगळी, गरज एकच: कथा-कादंबरीकार हवा तो प्रसंग घडवू शकतो, इथे जमलेल्या साहित्यातूनच वाट काढावी लागते. माझ्या मते नव्या लेखकाने या मुलाखतींतून घ्यावं असं सगळ्यात भरीव काही असेल तर ते रचनेबद्दलचं हे बोलणं आहे. मराठी रिपोर्ताज अनेकदा भेटीगाठींच्या क्रमाने जातो. आधी याला भेटलो, मग त्याने त्याच्याकडे पाठवलं, तिथून तिसरीकडे गेलो. अवचटांसारख्या निरागसपणे विचारणाऱ्या निवेदकाच्या हाती ही रीत प्रभावी ठरते, कारण वाचक त्यांच्याबरोबर शिकत जातो. इतरांच्या हाती तीच प्रवासाची नोंदवही होऊन बसते.

सत्य किती काटेकोर

वाद खरा पेटतो तो इथे. एका टोकाला हर्सी. १९८० मध्ये लिहिलेल्या एका लेखात त्यांनी कपोटी, वुल्फ, मेलर यांच्या पिढीला थेट विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की पत्रकाराचा परवाना एकाच अटीवर मिळतो: यातलं काहीही रचलेलं नाही. गाळण्याने होणारा विपर्यास वाचक गृहीत धरतो. भर घातली की मात्र आधीच्या खऱ्या मजकुरावरचाही विश्वास उडतो. ‘न्यू यॉर्कर’चा तपासनीस विभाग याच भूमिकेवर उभा आहे. छपाईआधी प्रत्येक नाव, तारीख, अंतर, रंग आणि अवतरण पुन्हा विचारून घेणारी माणसं तिथे पगारावर असतात. मॅकफी या तपासनिसांबद्दल कृतज्ञतेने लिहितात.

दुसऱ्या टोकाला जॉन डगाटा. लास व्हेगसमधल्या एका मुलाच्या आत्महत्येवरच्या त्यांच्या निबंधाची तपासणी जिम फिंगल या तरुण तपासनिसाने केली. दोघांमधला झगडा २०१२ मध्ये ‘द लाइफस्पॅन ऑफ अ फॅक्ट’ या नावाने पुस्तकरूप झाला. शहरातल्या क्लबांची संख्या ३१ असताना डगाटांनी ३४ लिहिली, कारण वाक्याची लय त्यात बरी बसत होती. निबंध ही कला आहे, आकडा तिच्या सेवेत आहे, असं त्यांचं म्हणणं. ही भूमिका ऐकायला उद्दाम वाटली तरी तिच्यामागे एक जुना युक्तिवाद आहे: निबंधकाराचं सत्य आणि बातमीदाराचं सत्य एकाच मोजपट्टीने मोजायचं का? यावर मला इतकंच म्हणावंसं वाटतं की मेलेल्या खऱ्या मुलाच्या गोष्टीत ही मोकळीक घेताना त्याच्या आईवडिलांनाही तो युक्तिवाद सांगता यायला हवा.

बहुतेक लेखक या दोन टोकांच्या मध्ये आहेत. इतिहास मात्र हर्सींच्या बाजूने पुरावे देत राहतो. ‘इन कोल्ड ब्लड’चा शेवटचा स्मशानातला प्रसंग घडलाच नव्हता, हे कपोटींच्या चरित्रकाराने नोंदवलं. जोसेफ मिचेल यांच्या काही अविस्मरणीय व्यक्तिरेखा अनेक माणसं जोडून केल्या होत्या. रिशार्द कापुश्चिन्स्की यांच्या आफ्रिकेवरच्या पुस्तकांतल्या तपशिलांबद्दल २०१० मध्ये आलेल्या पोलिश चरित्राने गंभीर प्रश्न उभे केले. त्यावर पोलंडमध्ये आजही दोन तट आहेत. एक तट म्हणतो की हुकूमशाहीत राहणाऱ्या वाचकांना ती पुस्तकं रूपक म्हणून कळत होती आणि तेच त्यांचं सत्य होतं. दुसरा म्हणतो की इथिओपियाच्या माणसांना पोलंडचं रूपक होण्याची हौस नव्हती. स्वेतलाना अलेक्सिएविच यांना २०१५चं नोबेल मिळालं तेव्हाही त्यांनी नोंदवलेल्या लोकांच्या साक्षींचा मजकूर आवृत्त्यांगणिक बदलत गेल्याची चर्चा झाली.

या चर्चेत सर्वांत जास्त विचार करायला लावणारं प्रकरण जर्मनीचं आहे. ‘डेर श्पीगल’चा क्लास रेलोटियस हा तरुण वार्ताहर रिपोर्ताजसाठीची मानाची पारितोषिकं मिळवत होता. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच्या लेखांतली माणसं आणि प्रसंग मोठ्या प्रमाणावर बनावट असल्याचं उघड झालं. त्याला पकडलं ते हुआन मोरेनो या सहकाऱ्याने, स्वतःची नोकरी पणाला लावून. विशेष म्हणजे ‘श्पीगल’कडे जगातल्या मोठ्यांपैकी एक तपासनीस विभाग होता. तपासनिसाला नदीची लांबी तपासता येते. दूरच्या गावातली बाई गाणं गुणगुणत होती की नाही, हे त्याला लेखकावर विश्वास ठेवूनच मानावं लागतं. संपादकांना आणि परीक्षकांना हवी होती तशी घाटदार, सुरुवातीला सुचवलेलं शेवटी जुळवून आणणारी गोष्ट रेलोटियस पुरवत गेला. म्हणून त्यानंतरच्या चर्चेत एका माणसाच्या लबाडीबरोबर ‘सुंदर गोष्टीचा’ आग्रहही तपासला गेला. खऱ्या आयुष्यात सुटी टोकं राहतात. ती ठेवणारा लेख परीक्षकांना कच्चा वाटत असेल तर दोष कोणाचा?

काटेकोरपणा आणि कादंबरीसारखी जवळीक एकत्र नांदू शकतात का, याचं एक उत्तर मुंबईत लिहिलं गेलं. कॅथरिन बू यांनी विमानतळालगतच्या अण्णावाडी वस्तीवर ‘बिहाइंड द ब्यूटिफुल फॉरएव्हर्स’ लिहिलं. ते २०१२ मध्ये आलं. २००७च्या नोव्हेंबरपासून २०११च्या मार्चपर्यंत त्या वस्तीत येत राहिल्या. भाषा येत नसल्याने दुभाष्यांची मदत घेतली. वही, ध्वनिफीत, चित्रफीत यांच्या जोडीला माहिती अधिकार कायद्याखाली पोलिस, रुग्णालय, महापालिका यांची तीन हजारांहून अधिक कागदपत्रं मिळवली. माणसांची नावं खरी ठेवली. पात्रांच्या मनातले विचार लिहिले ते त्यांनी स्वतः सांगितलेले, पुन्हा पुन्हा विचारून खातरजमा केलेले आहेत, असं त्या पुस्तकाअखेरच्या टिपणात सांगतात. तरी आक्षेप उरतो. भंगार वेचणाऱ्या मुलाने दुभाष्याला अर्ध्या वाक्यात सांगितलेली भावना इंग्रजी गद्यात पूर्ण वाक्य होऊन येते तेव्हा ते वाक्य कोणाचं? बूंच्या बाजूने म्हणावं लागेल की त्यांनी हिशोब उघडा ठेवला. ललितेतर पुस्तकाच्या शेवटी असं टिपण असणं आता इंग्रजीत जवळपास नियम झाला आहे. मराठीत तो व्हायचा आहे.

ज्यांच्यावर लिहिलं जातं

दुसरा मोठा वाद विश्वासाचा. जॅनेट माल्कम यांच्या १९९०च्या ‘द जर्नलिस्ट अँड द मर्डरर’ पुस्तकाशिवाय त्याची चर्चाच होत नाही. जो मॅकगिनिस या लेखकाने खुनाचा आरोप असलेल्या जेफ्री मॅकडोनल्ड या डॉक्टरचा मित्र होऊन, त्याच्या बचावपक्षात वावरून, पत्रांतून त्याच्यावर विश्वास दाखवून शेवटी त्याला खुनी ठरवणारं पुस्तक लिहिलं. मॅकडोनल्डने तुरुंगातून फसवणुकीचा दावा लावला. ज्युरीचं एकमत झालं नाही आणि मॅकगिनिसने तीन लाख २५ हजार डॉलर देऊन तडजोड केली. या खटल्यावरून माल्कम यांनी मांडलं की लेखक आणि त्याचा विषय असलेला माणूस यांच्या नात्यातच दगा आहे: सांगणाऱ्याला वाटतं आपली बाजू मांडली जाईल, लेखक मात्र स्वतःची गोष्ट लिहितो.

यावर लेखकांची मतं तीन प्रकारची दिसतात. काही जण माल्कम यांचं म्हणणं मान्य करून त्यासह जगायला शिकतात. काही जण ते साफ नाकारतात. आम्ही पहिल्या दिवसापासून वही उघडी ठेवतो, मैत्रीचं नाटक करत नाही, असं त्यांचं उत्तर. तिसरे नात्याची जबाबदारी लेखनापलीकडे नेतात. शिकागोच्या सरकारी वसाहतीतल्या दोन भावांवर लिहिणाऱ्या ऍलेक्स कोटलोविट्झ यांनी पुस्तकाच्या उत्पन्नातून त्या मुलांसाठी तजवीज केली. पत्रकारितेच्या रूढ नियमात असे पैसे देणं बसत नाही, पण दारिद्र्यावर पुस्तक विकून काहीच न देणं कुठल्या नियमात बसतं, हाही प्रश्न आहेच.

मराठीने या वादाला एक वेगळं उत्तर दिलं आहे, आणि इंग्रजी चर्चेत त्याची दखल नाही. शहरी, सुशिक्षित लेखक वंचितांवर रिपोर्ताज लिहीत होते त्याच दशकांत वंचितांनी स्वतः लिहायला घेतलं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८चं, लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ १९८०चं, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७चं. दगा, परवानगी, दुभाषी हे प्रश्न इथे उलटेच होतात: लेखकाच्याच घरची, वस्तीची माणसं उघडी पडतात आणि नाराजी त्यांच्याकडून येते. या पुस्तकांनंतर बाहेरून येऊन लिहिणाऱ्याला पूर्वीच्या सहजतेने लिहिता येऊ नये. तरीही बाहेरच्या नजरेची गरज संपली असं म्हणता येणार नाही. पी. साईनाथ यांचं १९९६चं पुस्तक, जे मराठीत ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ म्हणून पोचलं, ते अनेक जिल्हे आणि सरकारी योजना जोडून पाहणाऱ्याच्याच हातून होऊ शकतं. आतून आणि बाहेरून या दोन्ही लेखनांचा शेजारी ठेवून अभ्यास मराठीत व्हायला हवा तितका झालेला नाही.

लेखात ‘मी’ असावा की नसावा, हा प्रश्न मुलाखतींत सतत येतो, पण तो मला दुय्यम वाटतो. बू यांनी स्वतःला पूर्ण बाहेर ठेवलं, सुकेतू मेहता ‘मॅक्झिमम सिटी’त मुंबईभर स्वतःच्या पायांनी फिरताना दिसतात, अवचट नेहमी असतातच. तिन्ही चालतं. जे सांगायचं आहे त्यावर ते अवलंबून आहे.

संपादक

संपादकाचं काम दिसत नाही, म्हणून त्याच्याशी झालेले संवाद मोलाचे. ‘पॅरिस रिव्ह्यू’ने १९९४ मध्ये रॉबर्ट गॉटलीब यांची मुलाखत छापली तेव्हा त्यांच्या उत्तरांत त्यांच्याच लेखकांची मतं गुंफली होती. कॅरोंच्या ‘द पॉवर ब्रोकर’मधून गॉटलीब यांच्याबरोबर सुमारे साडेतीन लाख शब्द काढले गेले, तेवढ्यात तीन-चार पुस्तकं झाली असती. एकेका अर्धविरामावरून दोघं भांडत, आणि तरी पन्नास वर्षं एकत्र राहिले. या संवादांतून संपादकाची दोन चित्रं पुढे येतात. एक, शेवटच्या मजकुरावर हात फिरवणारा. दुसरं, लेखक बाहेर पडण्याआधीच त्याच्याशी विषयाबद्दल बोलणारा, परतल्यावर त्याची हकिगत ऐकणारा आणि ‘आत्ता सांगितलंस तेच लिही’ म्हणणारा. दीर्घ लेखनात दुसऱ्याची गरज जास्त असते, यावर बहुतेकांचं एकमत आहे.

खऱ्या हकिगतीवर संपादकाने किती हात चालवावा, याचं आपल्याकडचं जुनं आणि बोलकं उदाहरण गोडसे भटजींचं. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले, बंडाच्या वणव्यात सापडले, झाशीच्या वेढ्यात शहरात होते. सुमारे पंचवीस वर्षांनी चिं. वि. वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी ती हकिगत लिहून काढली. वैद्यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला तो भाषा बदलून, काही मजकूर गाळून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणली. जवळजवळ सहा दशकं मराठी वाचकांनी एका प्रत्यक्षदर्शीची हकिगत दुसऱ्याच्या गद्यातून वाचली. वैद्यांमुळेच ती लिहिली गेली, हेही तितकंच खरं. संपादकाचं ऋण आणि संपादकाची ढवळाढवळ एकाच माणसाच्या नावावर इतकी स्पष्ट क्वचितच सापडते.

पुढच्या काळात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी मौजेत संपादनाचा मानदंड घालून दिला. त्यांच्या लांबलचक पत्रांच्या आठवणी अनेक लेखकांनी लिहिल्या आहेत. पण ती चर्चा मुख्यतः कथा-कवितेची. रिपोर्ताजच्या संपादनाबद्दल, म्हणजे माजगावकरांनी लेखकाला काय सांगून पाठवलं, परत आल्यावर काय विचारलं, कुठला भाग नाकारला, याबद्दल तेवढी नोंद नाही. पुण्यातल्या युनिक फीचर्स आणि त्यांच्या ‘अनुभव’ मासिकाने गट करून, विषय वाटून घेऊन शोधलेखन करण्याची पद्धत रुजवली. त्या कामाची अंतर्गत हकिगत कोणी लिहिली तर नव्या संपादकांना ती पाठ्यपुस्तकासारखी उपयोगी पडेल.

वेळेचा खर्च

या सगळ्याला पैसा लागतो आणि मुलाखतींत लेखक याबद्दल आता मोकळेपणाने बोलतात. अमेरिकेत पुस्तकाची आगाऊ रक्कम, अभ्यासवृत्ती, चित्रपटाचे हक्क यांवर हे लेखन उभं आहे. भारतात इंग्रजीत २०१०च्या सुमारास नव्या रूपात आलेल्या ‘द कॅरव्हान’ने दीर्घ लेखांना आणि त्यांच्या तपासणीला जागा दिली. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेली ‘पारी’ ग्रामीण रिपोर्ताज मराठीसह अनेक भारतीय भाषांत देते आणि देणग्यांवर चालते. मराठीत दीर्घ लेखाचं हक्काचं घर म्हणजे दिवाळी अंक. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा टिकली आहे आणि तीस-चाळीस पानांचा लेख छापण्याची तिची तयारी आजही आहे. मात्र वर्षातून एकदाच, ठरलेल्या तारखेला, बेताच्या मानधनात. महिनोन् महिने बाहेर राहण्याचा खर्च त्यातून निघत नाही. अवचटांनी डॉक्टरकी न करता लेखन केलं ते पत्नी अनिता अवचट यांच्या नोकरीच्या आधारावर, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आपल्या रिपोर्ताजचा बराचसा खर्च अशा घरांनी उचलला आहे. तपासनीस ठेवणं तर दूरच; लेखक, त्याचा विवेक आणि संपादकाचा त्याच्यावरचा भरवसा, एवढीच तपासयंत्रणा. त्यात बदनामी हा भारतात फौजदारी गुन्हा आहे. छोट्या मासिकाला एक खटलाही परवडत नाही.

काय उरलं

तंत्राबद्दल पुरेसं बोलून झालं आहे. तपासणीचा प्रश्न अर्धाच सुटला: तारखा आणि आकडे तपासता येतात, एकांतातला प्रसंग तपासता येत नाही, आणि रेलोटियस प्रकरणानंतरही त्यावर सर्वमान्य उपाय नाही. टलीझ यांच्यासारखा ज्येष्ठही २०१६ मध्ये एका मोटेलमालकाच्या सांगण्यावर विसंबून पुस्तक काढतो आणि त्या माणसाने मधल्या काही वर्षांत मोटेल विकलेलं होतं हे वर्तमानपत्राला शोधावं लागतं. प्रसिद्धीआधी मजकूर त्या माणसांना वाचून दाखवावा का, यावर दोन पक्ष आहेत. एकाला त्यात लेखकाच्या स्वातंत्र्याचा लिलाव दिसतो, दुसऱ्याला साधी सभ्यता आणि चुका टाळण्याची संधी. दुभाष्यामार्फत केलेल्या लेखनात दुभाष्याचं नाव कुठे आणि किती ठळक असावं, हेही ठरलेलं नाही.

आणि या सगळ्या ऐवजात एक आवाज जवळपास नाही. प्रथम लेखकांना विचारलं गेलं, मग संपादकांना, मग फिंगलसारख्या तपासनिसाला. ज्यांच्यावर लिहिलं गेलं त्यांना विचारण्याचे प्रयत्न हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मॅकडोनल्ड बोलला तो कोर्टात. रेलोटियसने मिनेसोटातल्या फर्गस फॉल्स या गावावर खोटंनाटं लिहिलं, तेव्हा तिथल्या दोन रहिवाशांनी त्याचा लेख भाषांतर करून वाचला आणि एकेक चूक यादी करून जाहीर केली; गावात नसलेलं जंगल, उपाहारगृहाच्या खिडकीतून न दिसणारं वीजकेंद्र. त्यांच्याकडे इंग्रजी होतं, इंटरनेट होतं, वेळ होता. निपाणीतल्या ज्या बायकांवर मराठीत लिहिलं गेलं, त्यांच्यापैकी कितीजणींनी ते वाचलं किंवा कोणाकडून वाचून घेतलं, त्यांना ते पटलं का, आपल्या तोंडी घातलेलं बोलणं आपलं वाटलं का, हे त्यांच्याच तोंडून नोंदवण्याचं काम अजून करायचं आहे.